कोयना भूकंप आणि डॉ. जय कृष्ण, यांच्याबद्दल कुणाला नीट माहिती आहे का?

पाटणची_मुलगी

नमस्कार सगळ्यांना. मी कराडला सिव्हिल थर्ड इयरला आहे, गाव पाटण तालुक्यात, म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातलंच. या सेमला सेमिनार आहे, विषय 'एका भारतीय इंजिनिअरचं आयुष्य आणि काम', वर्गात निम्म्या जणांनी विश्वेश्वरय्या घेतले म्हणून सरांनी मला सांगितलं की तू उत्तराखंडातल्या रुरकीचे प्राध्यापक जय कृष्ण घे, भूकंपवाले, तुझ्या गावाशी त्यांचा संबंध आहे. मला त्यांचं नाव फक्त लायब्ररीतल्या एका जुन्या आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पुस्तकामुळे माहिती, जय कृष्ण आणि जैन, पानं पिवळी पडलीयत पण सीनियर्स अजून त्यातली गणितं सोडवतात.

67 च्या भूकंपाचं आजीकडून ऐकत मोठी झालेय. आजी तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. ती सांगते की पहाटे आधी जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि मग स्वयंपाकघरातली उतरंड एकदम खाली आली, अंधारात मडकी फुटल्याचा तो आवाज तिला अजून आठवतो, भिंत कधी पडली ते मात्र कळलंच नाही. नंतर कितीतरी दिवस सगळं घर शिवारात गवताच्या खोपीत झोपायचं, डिसेंबरची थंडी, आणि रोज काही ना काही हादरे चालूच.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक म्हणजे या माणसानं नक्की काय केलं, कारण नेटवर सगळीकडे पुरस्कारांची यादीच आहे. दुसरं म्हणजे कोयनेशी त्यांचा संबंध काय, धरण त्यांनी दुरुस्त केलं का? प्लीज कुणीतरी सांगा, पंधरा मिनिटं बोलायचंय आणि मला ते मनापासून बोलायचंय.

निवृत्त_उपअभियंता

पोरी, सरांनी फार चांगला विषय दिलाय तुला. मी धरणांच्या कामावर आयुष्य काढलं, 67 ला मी शाळेत होतो पण नोकरीला लागल्यावर ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्या तोंडी कोयना आणि रुरकी हे दोन शब्द कायम जोडीनं यायचे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

जन्म 4 फेब्रुवारी 1912, मुझफ्फरनगर. रुरकीच्या थॉमसन कॉलेजातून 1935 ला इंजिनिअर झाले, पुढे तिथेच शिकवायला लागले आणि 1954 ला लंडन युनिव्हर्सिटीची पीएचडी. हे 1935 साल तू सेमिनारमध्ये जरूर घे. आदल्या वर्षी जानेवारीत बिहारचा मोठा भूकंप झालेला, आणि 35 च्या मे महिन्यात क्वेट्टा शहर (आता पाकिस्तानात) भूकंपात अख्खं बसलं, तीस हजारांवर माणसं गेली. त्याच क्वेट्ट्यात रेल्वेचे काही क्वार्टर्स मात्र उभे राहिले, का, तर 1931 च्या माचच्या भूकंपानंतर एस. एल. कुमार नावाच्या रेल्वेच्या एका तरुण इंजिनिअरनं ते भूकंपाचा हिशेब धरून बांधले होते. म्हणजे विचार कर, आपल्या देशात भूकंपाला टिकणारं घर बांधता येतं हे तेव्हाच सिद्ध झालेलं होतं, पण ते त्या एका माणसाच्या रिपोर्टात राहिलं, पुढची वीस वर्षं कुठल्या कॉलेजात ते कुणी पोरांना शिकवत नव्हतं. जय कृष्णांनी काय केलं म्हणून विचारतेस ना, तर त्यांनी ते शिकवायची सोय केली. माझ्या मते बाकी सगळं त्याच्या मागून आलं. 1959 ला रुरकीत भूकंप इंजिनिअरिंगवर देशातली पहिली परिषद भरवली, 1960 ला तिथेच भूकंप इंजिनिअरिंगच्या संशोधनाची आणि ट्रेनिंगची वेगळी शाळा काढली, 1962 ला त्या विषयाची सोसायटी उभी केली, आणि त्याच 1962 ला आपला भूकंपाचा पहिला कोड (बांधकामाचं भारतीय मानक) आला, आयएस 1893. तीन-चार वर्षांत एवढं सगळं, आणि तेही ज्या काळात देशात सिमेंट परमिटवर मिळायचं!

आता कोयना. धरण 103 मीटर उंच, रबल काँक्रीटचं. डिझाइन करताना भूकंपाचं आडवं बल म्हणून वजनाच्या 5 टक्के धरलं होतं, म्हणजे 0.05. याला त्या वेळच्या मानानं कुणी कमी म्हणणार नाही कारण 62 च्या कोडातल्या भूकंपाच्या नकाशात कोयना झोन शून्यात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या भागात होतं, दख्खनचं पठार म्हणजे हलणार नाही अशीच सगळ्यांची समजूत. मग 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. सुमारे 180 माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पार मुंबईपर्यंत लोक जागे झाले.

आपलं नशीब असं की धरणाच्या आतल्या गॅलरीत ॲक्सेलरोग्राफ (हादऱ्याचा जोर नोंदवणारं यंत्र) बसवलेला होता आणि त्या पहाटे तो चालला. धरणाच्या लांबीच्या दिशेनं 0.63 जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत), नदीच्या दिशेनं 0.49 आणि उभ्या दिशेनं 0.34. आकडे वहीत लिही आणि शेजारी 0.05 लिही. धरण उभं राहिलं, पाणी अडून राहिलं, पण सर्वांत उंच नॉन-ओव्हरफ्लो मोनोलिथना (ज्यांच्यावरून पाणी सांडत नाही अशा धरणाच्या ठोकळ्यांना) वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, बरोबर जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला.

भेगा तिथेच का, हे समजलं की तुला त्यांचं काम समजेल. जुनी पद्धत धरायची की धरण म्हणजे एक ठोकळा, बुडापासून माथ्यापर्यंत सगळीकडे सारखंच हलणार. तुमच्याकडे ऊस आहे ना, वाऱ्यात बघ, बुडखा जागेवर असतो आणि शेंडा झोकांड्या खातो. धरणाचंही तसंच, खाली जे 0.49 आहे ते माथ्याकडे कितीतरी वाढत जातं, आणि कोयनेचा माथा जड आहे, तो सगळा भार त्या बदलत्या उताराच्या मानेवर आला. जय कृष्ण, ए. आर. चंद्रशेखरन आणि एस. एस. सैनी या तिघांनी त्या नोंदीचं विश्लेषण करून 1969 ला अमेरिकेच्या सिस्मॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापलं. तो पेपर तुझ्या सरांकडून मिळव.

1970 ला नकाशा सुधारला तेव्हा कोयना झोन शून्यातून थेट झोन चारमध्ये गेलं, आणि झोन शून्य हा प्रकारच काढून टाकला. ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे, 'इथे भूकंप होणारच नाही' असं देशातल्या कुठल्याच गावाला सांगायचं नाही हे त्या दिवसापासून ठरलं.

रुरकीवाला

काकांनी खूपच छान लिहिलंय. मी तिथे एमटेक केलं, माझ्या वेळेपर्यंत जय कृष्ण सर जाऊन बरीच वर्षं झाली होती (27 ऑगस्ट 1999, रुरकीतच) पण नाव जिथे तिथे. थोडी भर घालतो आणि एक गोष्ट स्पष्ट करतो.

स्पष्ट करायची गोष्ट ही की धरण त्यांनी दुरुस्त केलं असं म्हणू नकोस. कोयनेवर पुष्कळ लोकांनी काम केलंय, भेगा ग्राउट केल्या म्हणजे दाबानं भरून बुजवल्या, वरून खाली ड्रिल करून केबल ताणल्या आणि मग मागच्या बाजूनं काँक्रीटचे बट्रेस (आधाराचे टेकू) चढवले, ते सगळं महाराष्ट्रातल्या इंजिनिअर्सनी आणि कामगारांनी केलेलं काम आहे, त्यांचं श्रेय त्यांनाच दे. आणि अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे अनिल चोप्रा, त्यांनी आणि चक्रवर्तींनी 1973 ला दाखवलं की डायनॅमिक ॲनालिसिस (धरण हलतं हे धरून केलेला हिशेब) केलं तर ताण काँक्रीटच्या ताकदीच्या कितीतरी पुढे जातो आणि नेमका त्याच जागी जातो, जिथे भेगा पडल्या होत्या. आज कोयना जगभर बेंचमार्क आहे, अबॅकस सॉफ्टवेअरच्या एक्झाम्पलमध्ये सुद्धा कोयना धरणच आहे, मी पहिल्यांदा ते मॉडेल रन केलं तेव्हा स्क्रीनवर क्रॅक मानेपाशी सुरू झाला आणि मला अंगावर काटा आला कारण माझी मावशी कोयनेजवळच्या हेळवाकची.

आता भर. पन्नाशीच्या दशकात ते अमेरिकेत कॅलटेकला गेले, तिथे जॉर्ज हाउसनर आणि डॉन हडसन यांच्याकडून स्ट्रक्चरल डायनॅमिक्स नीट शिकून आले. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, पीएचडी झालेले, आरसीसीत नाव असलेले प्राध्यापक होते आणि तरी परत विद्यार्थी होऊन नवीन विषय शिकले, मला हे फार भावतं. परत आल्यावर पहिली अडचण ही की मोजायला काही नाही. परदेशी ॲक्सेलरोग्राफ महाग, देश एवढा मोठा, किती घेणार? म्हणून रुरकीत स्ट्रक्चरल रिस्पॉन्स रेकॉर्डर बनवला. हे यंत्र सेमिनारमध्ये नक्की दाखव, चित्र काढून दाखवता येतं. एका पेटीत सहा लोलक, प्रत्येकाचा झोक्याचा पिरियड (एका झोक्याचा वेळ) आणि डॅम्पिंग (झोका किती लवकर विझतो ते) ठरलेलं, आणि लोलकाच्या टोकाची सुई काजळी धरलेल्या काचेवर टेकलेली. वीज नको, घड्याळ नको, फिल्म नको. भूकंप आला की सुई काजळीत रेघ ओढते, तुम्ही नंतर जाऊन काच काढायची आणि रेघेची लांबी मोजायची. ती लांबी म्हणजे त्या पिरियडची बिल्डिंग जास्तीत जास्त किती हलली असती त्याचं माप. म्हणजे रिस्पॉन्स स्पेक्ट्रमवरचा (कुठल्या पिरियडची बिल्डिंग किती हलेल त्या आलेखावरचा) एक पॉइंट सरळ हातात! आम्हाला स्पेक्ट्रम फळ्यावर तीन लेक्चर शिकवूनही डोक्यात गेला नव्हता, ती पेटी बघितल्यावर दोन मिनिटांत गेला.

दुसरं म्हणजे विटांची घरं. त्या काळात जगात भूकंप इंजिनिअरिंग म्हणजे उंच इमारती, अणुभट्ट्या, धरणं. रुरकीत ते, आनंद स्वरूप आर्य, ब्रिजेश चंद्र ही मंडळी साध्या विटांच्या घरावर प्रयोग करत बसली, भिंतीत कुठे आणि किती सळई टाकली तर घर माणसाला बाहेर पडायला वेळ देईल. त्यातून आयएस 4326 आला, पहिली आवृत्ती 1967 ची, म्हणजे कोयनेच्याच वर्षीची. नंतर तिथे रेल्वेच्या डब्यांचं शॉक टेबल उभारलं, रुळावर मधे प्लॅटफॉर्म, त्यावर खरंखुरं घर बांधायचं आणि बाजूनं भरलेली वॅगन आणून आदळायची. बँड (चारी भिंतींवरून फिरणारा सलग पट्टा) असलेलं आणि नसलेलं घर शेजारी शेजारी, धक्का एकच.

पुरस्कारांचं तू म्हणतेस तसं नेटवर आहेच, 66 चा भटनागर पुरस्कार, 72 चं पद्मभूषण, 71 ते 77 रुरकीचे कुलगुरू, 77 ला भूकंप इंजिनिअरिंगची जागतिक परिषद दिल्लीला आली आणि ते त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. एका स्लाइडवर टाक आणि पुढे जा.

चौकस_वाचक

छान चर्चा. एक शंका, 'कृष्ण' हे आडनाव धरायचं का? पेपर शोधताना सापडत नाही.

रुरकीवाला

हो, पेपरमध्ये 'कृष्ण, जे.' असं येतं. 'जयकृष्ण' जोडून शोधलं तर निम्मं सापडत नाही.

औसा_बांधकाम

मी इंजिनिअर नाही, आयटीआय केलंय आणि बांधकामाची कामं घेतो, वडील गवंडी होते. हे जय कृष्ण साहेबांचं नाव मला आज कळालं पण त्यांचं काम मी गेली वीस वर्षं हातानं करतोय हे वाचून बसल्या जागी थांबलो, म्हणून लिहायला बसलो.

30 सप्टेंबर 1993 ला आमच्या लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, माणसं दमून झोपलेली, पहाटेचे चार वाजायला आलेले. आमच्याकडं माळवदाची घरं. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण ती जाडी फसवी, आतून एक दगडाचा थर, बाहेरून एक थर आणि मधे नुसती माती आन् चिपा. वर लाकडाचं, त्याच्यावर दीड-दोन फूट मातीचा धाबा आणि दर पावसाळ्याआधी अजून एक थर. उन्हाळ्यात गार राहायचं घर. हादरा आला तसा भिंतीचे दोन थर एकमेकांना सोडून फाकले आणि माळवद सरळ खाली. आमच्या घरातली सगळी वाचली कारण आम्ही त्या रात्री अंगणात झोपलो होतो. मामाच्या घरची नाही वाचली. याच्यापेक्षा जास्त त्याच्यावर लिहीत नाही.

नंतर घरं बांधायचं आणि जुनी घरं पक्की करायचं काम निघालं तेव्हा गवंड्यांना ट्रेनिंग दिलं, वडील त्यात गेले होते. तिथं शिकवलं की दर थोड्या अंतरावर एक दगड आरपार घाला, आतल्या थरातून बाहेरच्या थरापर्यंत एकच दगड, म्हणजे भिंत फाकत नाही. कोपऱ्यात उभी सळई घ्या. आणि दाराखिडकीच्या वर चारी भिंतींवरनं न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्या, तीन इंच जाड असला तरी चालेल, दोन सळ्या घ्या पण कोपऱ्यात तोडू नका. वडिलांना कोड-बिड काही माहिती नव्हतं, त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं की बैलगाडीच्या चाकाला जशी धाव (लोखंडी पट्टा) असते तशी घराला धाव घालायला शिकवलंय. धाव ढिली झाली की आरे निसटतात आणि चाक बसतं, गाडीवाल्याला हे काय शिकवावं लागत नाही.

आजसुद्धा गिऱ्हाईक म्हणतं की सलग कशाला, दारावर तेवढा लिंटल टाका, सळई वाचते. मी नाही म्हणतो. दोन कामं गेली माझी त्याच्यामुळं. गेली तर गेली.

ताई तुम्ही सेमिनारमध्ये एवढं सांगा की त्या साहेबांनी रुरकीत वीट फोडून बघितलं ते औशातल्या गवंड्याच्या थापीपर्यंत आलं.

निवृत्त_उपअभियंता

औसेकर भाऊ, तुमचं वाचून डोळे भरून आले. 93 ला लातूर नकाशात झोन एकमध्ये होतं, सगळ्यात खालचा झोन. कोयनेनं आपल्याला जे शिकवलं होतं ते अजून पुरतं शिकून झालं नव्हतं. 2002 च्या नकाशात तो भाग झोन तीनला आला आणि झोन एक बंद केला. पोरी, हाही मुद्दा घे, त्यांच्या आयुष्यातच हे दोन्ही भूकंप झाले. 70-80 च्या दशकातल्या आयएस 1893 च्या प्रती उघडल्यास ना, तर सुरुवातीच्या पानावर कमिटीच्या नावांत चेअरमन म्हणून डॉ. जय कृष्ण दिसतील, आणि शेजारी पत्ता रुरकीचा. आमच्या ऑफिसात ती प्रत इतक्या हातांतून गेली होती की ते पान निघून आलं होतं आणि कुणीतरी ते सेलोटेपनं चिकटवलं होतं.

पाटणची_मुलगी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये. काका, ऊसाचं उदाहरण तसंच्या तसं घेणार आहे. रुरकीवाला दादा, ती लोलकांची पेटी मी खेळण्यातल्या स्प्रिंगा आणि मेणबत्तीची काजळी वापरून बनवायचा प्रयत्न करतेय, पहिल्या काचेवरची काजळी पुसून गेली, दुसरी चालू आहे.

औसेकर दादा, तुम्ही लिहिलेलं मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती खूप वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की आमचं आत्ताचं घर 68 ला बांधलं तेव्हा आजोबांनी सागाची पट्टी भिंतीतून फिरवली होती, तिला वाटायचं की ती नुसती शोभेला आहे. मी जाऊन बघितलं, खरंच दाराच्या वरच्या पातळीला लाकूड आहे, गिलाव्यातून रेघ दिसते. याला बँड म्हणायचं का? आणि अजून एक, मी सध्या एका साइटवर ट्रेनिंगला जाते तिथे कॉलमच्या रिंगा (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या) नव्वद अंशातच वाकवतात, मी विचारलं तर म्हणाले चालतं. खरंच चालतं का?

औसा_बांधकाम

ताई, रिंगचं आधी. चालत नाही. हूक 135 अंशात, टोक कॉलमच्या पोटात गेलं पाहिजे. नव्वदमधली रिंग हादऱ्यात कव्हर (सळईवरचं काँक्रीट) उडालं की उघडते, मग उभ्या सळ्या बाहेर फुगतात. फळीवर दोन खिळे मारून वाकवायला एका रिंगमागं चार सेकंद जास्त लागतात, मी मोजलेत. तुम्ही शिकाऊ आहात म्हणून भांडू नका, पण तिथल्या इंजिनिअरला कोडचं पान दाखवून विचारा, आयएस 13920.

आता आजोबांची पट्टी. लाकडाचा बँड चालतो, कोडात पण आहे. पण सगळं कोपऱ्यावर अवलंबून. दोन भिंतींवरच्या पट्ट्या कोपऱ्यात एकमेकीत खाच पाडून बसवल्यात आणि खिळा किंवा खुंटी मारलीय तर तुमच्या आजोबांनी घराला धाव घातलीय. नुसत्या एकमेकीला टेकवून ठेवल्या असतील तर चार सुटी लाकडं आहेत, पण मग ती कोपऱ्यात लोखंडी पट्टीनं जोडता येतील, फार खर्च नाही. गिलावा कोपऱ्यात वीतभर खरवडा, आजीला विचारून. फोटो कोपऱ्याचा टाका, दारावरचा नको, त्याच्यावरनं काही कळत नाही.